हाकांच्या ओढ्यावरची लढाई

“शिव्या देणाऱ्या गावाला इतिहासात जागा नसते,” असे म्हणून सुभेदार भगवंतराव निगड्यांनी मारुतीच्या देवळातील घंटा एकदा जोराने वाजवली. आरतीची वेळ झालेली नव्हती. आपल्या वाक्याला टाळ्या पडत नाहीत असे दिसल्यावर ती उणीव त्यांनी स्वतःच भरून काढली.

मी मागच्या खांबाला टेकून बसलो होतो. त्या वर्षी मी साताऱ्याहून पदवी घेऊन धामणीस परतलो होतो आणि येत्या मार्गशीर्षात माझे लग्न व्हायचे ठरले होते. मुलगी ओढ्यापलीकडच्या कुरवटीची, संपतराव खराड्यांची इंदुमती. त्यामुळे सभेत कुरवटीचे नाव निघाले की लोक आधी वक्त्याकडे पाहत आणि मग माझ्याकडे.

सुभेदारांचा प्रस्ताव असा होता की यंदापासून हाका बंद करण्यात याव्यात.

हाका म्हणजे काय हे आमच्या पंचक्रोशीबाहेरच्या माणसास सांगताना मला नेहमी संकोच होतो. बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, दुसऱ्या दिवशी धामणी आणि कुरवटी या दोन्ही गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहत आणि उन्हे कलेपर्यंत पलीकडच्या लोकांना शिव्या देत. हे ऐकून परका माणूस नाक मुरडतो. परंतु या शिव्यांना शास्त्र होते. शिवी मोघम द्यायची नाही, नावानिशी द्यायची. ज्याच्या नावाने शिवी आली त्याने ओढा ओलांडून जायचे आणि जिने ती दिली तिच्या हातचा गूळ खायचा. तो खाईपर्यंत हात उचलायचा नाही, आणि खाल्ल्यावर त्या गावाशी ते साल भांडायचे नाही. हा नियम मोडणाऱ्याच्या घरचे दुभते आटते, अशी दोन्ही गावांची पक्की समजूत होती.

आमच्या बाजूची अग्रणी माझी गोदाआत्या. आईबापांमागे तिनेच मला वाढवले. एरवी ती इतकी मितभाषी होती की दारी आलेल्या पाहुण्याला बसा म्हणण्याऐवजी ती फक्त घोंगडे झटकी. हाकांच्या दिवशी मात्र तिच्या वाणीला बहर येई. “संपत्या, तुझ्या दह्याला विरजण न लागो! तुझ्या पागोट्यात उंदरीण बाळंत होवो आन् तुला बारशाला बसवो!” असे ती पदर खोचून म्हणे, आणि पलीकडून संपतराव खराडे, म्हणजे कुरवटीच्या दूधसंस्थेचे चेअरमन, धोतर गुडघ्यावर घेऊन निमूटपणे गूळ खायला येत. तिकडची अग्रणी त्यांचीच पत्नी मथुराबाई. या दोघींनी एकमेकींच्या घराण्यांच्या किती पिढ्या नरकात धाडल्या असतील याची गणती नाही. ओढ्याच्या मधोमध एक सपाट काळा दगड होता, त्यावर त्याच दोघी वर्षभर शेजारी बसून धुणे धूत. माझे लग्न ठरले तेही त्याच दगडावर.

मग सुभेदारांना राग कशाचा? त्याचे मूळ मागच्या सालच्या हाकांत होते.

भगवंतरावांना सुभेदार ही पदवी सैन्याने दिलेली नव्हती. ती गावाने दिली होती, आणि गाव असल्या बाबतीत सैन्यापेक्षा उदार असते. त्यांची सारी नोकरी फौजेच्या दूधखात्यात म्हशींच्या निगराणीत गेली. युद्धे त्यांनी गोठ्यातून पाहिली होती, आणि गोठ्यातून पाहिलेल्या युद्धाविषयी माणसाला जो उत्साह वाटतो तो खंदकातून पाहिलेल्या युद्धाविषयी वाटत नाही. निवृत्त होऊन गावी आल्यावर पहिल्याच हाकांना ते चकचकीत बूट घालून काठावर उभे राहिले, आणि मथुराबाईंनी नव्या माणसाचे स्वागत म्हणून ललकारी दिली, “भगवंता, ताकातल्या सुभेदारा, तुझ्या मिशीवर साय धरो!” दोन्ही काठ हसले. कुरवटीच्या दृष्टीने हा सत्कार होता. सुभेदार मात्र गूळ खायला गेले नाहीत. ते घरी गेले. पुढच्या पंधरवड्यात त्यांची म्हैस आटली. त्यांनी दोष पेंडीला दिला.

“आपल्या बायका शत्रूसमोर तोंड वाजवतात,” सुभेदार सभेत म्हणाले, “आणि आपले पुरुष शत्रूच्या हातचे खातात. याला स्वाभिमान म्हणतात का?”

शत्रू हा शब्द त्या देवळात पहिल्यांदाच उच्चारला गेला असावा. कारण किसन गुरवाने शेजाऱ्याला हळूच विचारले की हे कोणाविषयी चालले आहे.

मी उठून म्हणालो, “सुभेदारसाहेब, कुरवटीने आपले काय नुकसान केले ते सांगाल का?”

“अजून केलेले नाही. म्हणूनच सावध राहायचे.”

“न केलेल्या गोष्टीविरुद्ध किती सावध राहायचे, याला काही मर्यादा?”

सुभेदारांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. “जयवंता, तुझा प्रश्न चांगला आहे. आता माझ्या प्रश्नाचे उत्तर दे. तू कुठल्या काठाचा?”

आता टाळ्या पडल्या. घंटेची गरज उरली नाही. ज्याचे उत्तर एका शब्दात देता येते आणि तो शब्द देऊनही संशय उरतो, असा प्रश्न विचारणारा माणूस वादात हरत नसतो, हे मला त्या दिवशी कळले. मी “याच काठाचा” म्हणून खाली बसलो, आणि हाका रद्द झाल्या. त्यांच्या जागी बेंदराच्या दुसऱ्या दिवशी ग्रामस्वाभिमान दिन साजरा करावा, असे ठरले.

प्रारंभी सारे निरुपद्रवी होते. सुभेदारांनी ओढ्याच्या काठी एक बांबू रोवून त्यावर गावाचा झेंडा चढवला. झेंड्यावर वाघ काढलेला होता, तथापि चित्रकाराचा हात म्हशींवर बसलेला असल्याने वाघाच्या चेहऱ्यावर सोशिकपणा उतरला होता. कुरवटीचे लोक तो पाहायला काठावर जमले, हसले आणि परत गेले. परंतु घरी गेल्यावर त्यांच्या असे ध्यानात आले की आपल्याला झेंडाच नाही. आठवड्याच्या आत त्यांचा बांबू उभा राहिला, आणि तो आमच्यापेक्षा हातभर उंच होता.

मग आम्ही बांबूला बांबू जोडला. त्यांनी आपला झेंडा आंब्याच्या शेंड्यावर नेला. आम्ही देवळाच्या कळसाला बांबू बांधला, तेव्हा एका वादळात कळसच वाकडा झाला आणि सुभेदारांनी तो कुरवटीच्या बाजूने वाकवला गेल्याचे जाहीर केले. वारा पश्चिमेचा होता हे मी निदर्शनास आणले. “आणि पश्चिमेला कोण राहते?” असे त्यांनी विचारले.

झेंड्याच्या रक्षणासाठी आम्ही काठ्यांचे दल उभारले. त्याचे नाव स्वसंरक्षण दल. आमचे दल पाहून कुरवटीनेही दल उभारले. त्याचेही नाव स्वसंरक्षण दल. दोन्ही दले रोज सकाळी आपापल्या काठावर कवायत करीत आणि प्रत्येक दल दुसऱ्याच्या काठ्या मोजून घरी जाऊन आणखी काठ्या तासत असे. पंचक्रोशीतील बाभळी उघड्या पडल्या. एकाही माणसाला हल्ला करायचा नव्हता. प्रत्येकजण केवळ बचावाची तयारी करीत होता, आणि त्या तयारीला तोड नव्हती.

सुभेदारांनी ग्रामगीतही रचले. ते आरतीच्या चालीवर म्हणावयाचे असल्याने लोक शेवटी नकळत प्रसादासाठी हात पुढे करीत. गीत शुद्ध करण्यासाठी माझ्याकडे आले. त्याच्या प्रत्येक कडव्यात रक्त होते. आमच्या गावात तोवर रक्त दिसे ते डास मारल्यावर. म्हणून मी दोन ठिकाणी रक्त काढून तेथे घाम घालण्याची सूचना केली. “घाम गाळून कोणी अमर झालेला नाही,” असे म्हणून सुभेदारांनी रक्त परत घातले.

कुरवटीत काय चालले होते ते मला आत्याकडून समजे; आणि तिला धुण्याच्या दगडावर समजे. माझे भावी सासरे मुळात अत्यंत गरीब स्वभावाचे. पोरगी पाहायला गेलो तेव्हा या गृहस्थांनी मला तीनदा चहा विचारला आणि तीनदा तो आणायचे विसरले. परंतु दलाच्या सलामीने त्यांच्यात बदल झाला. माणसाला एकदा रोज सकाळी शंभरजणांनी सलाम ठोकला की आपण सलाम ठोकण्याजोगे आहोत असे त्याला वाटू लागते. ते घरातही आज्ञा देऊ लागले. मथुराबाईंनी त्यांना “पाणी हवं तर माठ तिकडं हाय” असे सांगितल्यावर ते तात्पुरते चेअरमनपदावर परत येत.

या सर्वांवर कडी झाली ती दगडावरून. सुभेदारांना स्वप्नात म्हणा वा वाचनात म्हणा, असा साक्षात्कार झाला की ओढ्यातील तो काळा दगड साधा दगड नसून समरशिला आहे, आणि पूर्वी त्यावर धामणीच्या वीरांनी कुरवटीच्या टोळीला कंठस्नान घातले होते. मी पुरावा विचारला. पुरावा मागणारा कोणत्या काठाचा, असा प्रतिप्रश्न आला. दुसऱ्याच दिवशी कुरवटीनेही तीच लढाई, तोच दगड आणि तेच कंठस्नान जाहीर केले. फरक एवढाच की त्यांच्या कथेत स्नान आम्ही केले होते. ग्रामस्वाभिमान दिनी त्या दगडावर आपलाच झेंडा रोवायचा, असा दोन्हीकडे निर्धार झाला. बायकांना तेथे धुणे धुण्यास मनाई करण्यात आली. तो हुकूम दोन्ही काठांवर एकाच दिवशी निघाला. तेवढे एकमत त्या वर्षी दुसऱ्या कशावर झाले नाही.

आमच्या बाजूने मनाई मोडण्यात गोदाआत्या पहिली होती. एका सकाळी तिने गोधड्यांचे गाठोडे माझ्या डोक्यावर दिले आणि मला ओढ्यावर नेले. दगडावर मथुराबाई आधीच धोपटणे घेऊन बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि सन्मानाने म्हणाल्या, “बसा, जावईबापू. निरोप हाय.”

“कोणाचा?”

“ह्यांचा. त्यांचं म्हणणं, जावई झेंडा घिऊन आमच्या अंगावर आला, तर त्या घरात पोरगी द्यायची न्हाई.”

“मग मी येतच नाही,” मी तत्परतेने म्हणालो.

“ते बी बोलले. म्हणाले, न्हाई आला तर भित्र्याच्या घरात पोरगी द्यायची न्हाई.”

या दोन अटी परस्परविरोधी असून त्यांतून कोणतेही तिसरे वर्तन संभवत नाही, हे मी क्रमवार मांडू लागलो. आत्याने गोधडी पिळता पिळता मला थांबवले. “अरं, त्यो तुझा पेपर तपासाय बसलाय व्हय? त्याला घरात कुणी इचारंना म्हून त्यो गावात मान मागतोय.”

इकडे आमच्या बाजूला सुभेदारांनी जाहीर केले होते की ज्यांची सोयरीक पलीकडे आहे त्यांच्या निष्ठेची परीक्षा आवश्यक आहे; सबब झेंडा जयवंताने धरावा. मी उंच होतो, हेही कारण दिले. झेंडा न धरल्यास माझ्या लग्नाला धामणीतून कोणी येणार नव्हते. धरल्यास लग्नच होणार नव्हते.

“इंदू काय म्हणते?” मी शेवटी धीर करून विचारले.

मथुराबाई हसल्या. “ती काय म्हणणार? तुमचं नावसुदिक घेत न्हाई. ‘त्यास्नी सांगा, पाय जपून टाका म्हणावं, दगडाला शेवाळ हाय.’ एवढंच म्हणाली.”

माझ्याविषयी आजवर लिहिल्या वा बोलल्या गेलेल्या वाक्यांत ते वाक्य मला सर्वांत निर्दोष वाटते.

बेंदूर झाला. दुसरा दिवस उजाडला तो स्वच्छ, धुतल्यासारखा. आमचे दल देवळापासून निघाले. पुढे मी, हातात तो सोशिक वाघ. माझ्यामागे सुभेदार, बुटांना इतके पॉलिश की त्यांत आभाळ दिसावे. मग किसन गुरव ढोल घेऊन, आणि मागे गावातील यच्चयावत पुरुष काठ्यांसह. बायकांना घरात राहण्याची आज्ञा होती. काठावर कराडहून भाड्याने आणलेले कर्णे लावले होते. पलीकडे तसेच कर्णे, तसेच दल, आणि पुढे पागोटे बांधलेले संपतराव. त्यांचा झेंडा रामा पैलवानाच्या हातात होता. त्यांच्या वाघाला निदान मिशा होत्या.

भाषणे दोन्हीकडून एकदम सुरू झाली. कर्ण्यांच्या गदारोळात एकाही माणसाला एकही शब्द कळला नाही, पण दोन्ही दलांची अशी खात्री झाली की पलीकडे आपल्याविषयी काहीतरी भयंकर बोलले जात आहे. मला आठवते, माझ्या शेजारचा आमचा दाजी कुंभार डोळे लाल करून विचारीत होता, “काय म्हणतोय रं त्यो?” ऐकू येत नाही असे मी सांगितले. “म्हंजे लईच वंगाळ असणार,” दाजी म्हणाला आणि त्याने काठी दोन्ही हातांत घेतली.

“झेंडा पुढे!” सुभेदार म्हणाले.

मी पाण्यात उतरलो. समोरून रामा पैलवान उतरला. पाणी गुडघ्यापर्यंत होते आणि तळ बुळबुळीत. दोघेही दगडाशी पोचलो आणि थांबलो. या रामाबरोबर मी शाळेत एका बाकावर बसलो होतो, त्याची गणिते मी सोडवली होती आणि त्या बदल्यात त्याने मला मारणाऱ्या पोरांना मारले होते. त्याने मला ओळखले नाही. म्हणजे ओळखले असणार; पण तो माझ्या चेहऱ्याकडे न पाहता माझ्या झेंड्याकडे पाहत होता, आणि खरे सांगायचे तर मीही त्याच्या मिशांच्या वाघाकडेच पाहत होतो. आमच्या मागे दोन्ही दले पाण्यात उतरली.

तेवढ्यात कोठून तरी एक गोटा आला आणि किसन गुरवाच्या कपाळावर बसला. तो कोणी मारला हे अखेरपर्यंत कळले नाही. ढोल थांबला. किसनने कपाळाला हात लावला, हात समोर धरून पाहिला आणि अगदी बाळबोध आश्चर्याने म्हणाला, “आरं, रक्त हाय.”

ग्रामगीतातील तो शब्द प्रत्यक्षात असा दिसतो, हे त्या क्षणी सर्वांना एकदम समजले असावे. कर्णे बंद पडले. हसू कोणाच्याही चेहऱ्यावर उरले नाही. दाजी कुंभाराची काठी वर गेली. पलीकडच्या पन्नास काठ्या वर गेल्या. मला वाटले, माझे लग्न राहू दे. आज या पाण्यात माणूस मरणार.

“संपत्या!”

हाक आमच्याच काठावरून, वरच्या अंगाने आली. गोदाआत्या कमरेला पदर खोचून उभी होती आणि तिच्यामागे धामणीच्या साऱ्या बायका. “संपत खराड्या, तुझ्या पागोट्यात घुशीनं घर करावं आन् तुला भाडं मागावं! तुझ्या चहात रॉकेल पडो, मेल्या, तसा बी तू कुणाला पाजत न्हाईस!”

संपतरावांची काठी वर गेली होती, ती तिथेच राहिली. दुभते आटण्याची भीती म्हणा, आयुष्यभराची सवय म्हणा. नावानिशी शिवी आली होती आणि गूळ अजून खायचा होता. त्यांनी एकदा आपल्या दलाकडे पाहिले, एकदा काठीकडे. मग ती काठी त्यांनी काखेत धरली, धोतर वर खोचले आणि माझ्या शेजारून, माझ्याकडे न पाहता, आमच्या काठाला निघाले.

“किसन गुरवा!” आता पलीकडून मथुराबाईंचा आवाज आला. “ढोलबडव्या, तुझ्या कपाळाला गोटा लागला तो आत मेंदू न्हाई म्हून वाजला! ये हिकडं, मुडद्या, हळद भरते.” किसन रक्त पुसत पलीकडे गेला.

मग जे घडले त्याला तोड नाही. दोन्ही काठांच्या बायकांनी समोरच्या दलातील पुरुष एकेक करून नावानिशी उचलायला सुरुवात केली. त्यांना सगळी नावे ठाऊक होती. बापाचीही, आजाचीही, लहानपणी झालेल्या गोवराचीही. “दाजी कुंभारा, तुझ्या मडक्यांना भोकं पडोत आन् तुझ्या डोक्याचं बुजो!” दाजीची काठी खाली आली. “रामा पैलवाना, तुझी लंगोटी गाढव खावो, आन् गाढवाला बी ती न पचो!” रामाने झेंडा दगडाला टेकवला आणि मला ओळखून, “थांब हां जयवंता, आलोच,” असे म्हणत गूळ खायला गेला. शिव्यांच्या वर्षावात सैन्ये विरघळू लागली. जो तो आपल्या नावाकडे कान लावून होता. ज्यांची नावे लवकर येईनात ते अस्वस्थ होऊन पुढे सरकत होते. एकाने तर आपले नाव स्वतःच ओरडून सांगितले.

उन्हे कलली तेव्हा ओढ्याच्या आमच्या बाजूला कुरवटीचे लोक गूळ खात बसले होते, त्यांच्या बाजूला आमचे. सैन्यात दोनच माणसे उरली होती. पाण्यात झेंडा धरून मी, आणि माझ्यामागे काठावर सुभेदार.

“जयवंता,” सुभेदार म्हणाले, “पुढे हो. दगड मोकळा आहे.”

तो खरोखर मोकळा होता. आणि मी अजून बांधील होतो; कारण माझे नाव कोणी घेतले नव्हते. मी मथुराबाईंकडे आशेने पाहिले. त्यांनी पदर पुढे ओढला. “जावयाला शिवी देत न्हाईत, बापू. पाप लागतं.” मी इतर बायकांकडे पाहिले. कुरवटीच्या एका बाईची मुलगी मला दिली होती म्हणजे मी साऱ्या कुरवटीचा जावई होतो. त्या साऱ्या एकदम अदबीने बसल्या. इतका निराधार आदर माझ्या वाट्याला पुन्हा कधी आला नाही. आमच्या काठावरून गूळ चघळत संपतराव माझ्याकडे टक लावून पाहत होते. जावई झेंडा रोवतो की माघार घेतो, एवढेच आता पाहायचे होते, आणि त्या दोहोंतही मला मुलगी मिळणार नव्हती.

“झेंडा पुढे,” सुभेदार पुन्हा म्हणाले.

तेव्हा पलीकडच्या बायकांत काही हालचाल झाली. कोणी कोणाला पुढे ढकलले, कोणी मागे ओढले, आणि पाण्याच्या कडेशी हिरव्या लुगड्यातील एक मुलगी उभी राहिली. मी इंदूला तोवर एकदाच पाहिले होते, तेही बघण्याच्या कार्यक्रमात, खाली मान घातलेली. आता मान वर होती. आमच्याकडे लग्न ठरलेली मुलगी नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाही. घेते ती एकाच प्रकारे. तिने दोन्ही गावांसमोर हात जोडले आणि स्वच्छ आवाजात उखाणा घेतला:

“ओढ्याच्या पाण्यात झेंडा धरून उभा राहिला बगळा,
जयवंतराव मुडद्याचा शहाणपणा वाहून गेला सगळा.”

दोन्ही काठांवर इतका हशा झाला की आंब्यावरचे कावळे उडाले. शिवी होती, नाव होते, आणि रीतही मोडलेली नव्हती. हे रचनेच्या दृष्टीने किती अवघड आहे ते करून पाहणाऱ्यासच कळेल. मी मागे वळून सुभेदारांकडे पाहिले, झेंडा रामाच्या झेंड्याशेजारी दगडाला टेकवला आणि पलीकडे निघालो. कडेशी पोचता पोचता शेवाळावरून घसरलो. तिने हात दिला नाही; गूळ दिला. “सांगितलं हुतं, पाय जपून टाका,” ती हळूच म्हणाली. संपतरावांनी आमच्या काठावरून बायकोला ओरडून विचारले की आता मार्गशीर्षापर्यंत थांबायचे कशाला.

सुभेदार एकटे राहिले. मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला, घसा साफ केला आणि ओढ्यापलीकडे पाहत म्हणाले, “आणि आम्हाला?”

“तुमास्नी कशाला?” मथुराबाई म्हणाल्या. “तुमची गेल्या सालची अजून फिटली न्हाई.” त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. गुळाचा खडा काळा पडला होता. “ह्यो तवापासून ठिवलाय. मुंग्यांनी बी माझं ऐकलं, तुमी ऐकलं न्हाई.”

सुभेदार खाली बसले. त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट एकमेकांशेजारी नीट लावले, पाटलोण दुमडली आणि पाण्यात उतरले. पलीकडे जाऊन त्यांनी तो खडा तोंडात टाकला. “कडक झालाय,” ते म्हणाले.

“हुणारच की,” मथुराबाई म्हणाल्या.

आत्या माझ्याजवळ येऊन पाण्यात पाय सोडून बसली होती. मी तिला विचारले की हे तिला सुचले कसे. ती नेहमीसारखी गप्प राहील असे वाटले होते; पण हाकांचा दिवस अजून मावळलेला नव्हता. “ज्याचं नाव ठावं असतं त्याला शिवी द्यावी,” ती म्हणाली. “तुमी एकमेकास्नी नुसतं धामणीकर आन् कुरवटीकर म्हणाय लागला. त्याला गोटाच मारता येतो.”

हाका पुढच्या सालापासून पूर्ववत झाल्या. दोन्ही झेंड्यांची फडकी त्या दगडावर धुतली गेली आणि चुलीजवळ गेली. सुभेदारांची म्हैस श्रावणात दूध देऊ लागली. याचे कारण ते अखेरपर्यंत पेंडीतच शोधत राहिले.

आमचे लग्न दिवाळीनंतर लगेच झाले, आणि त्याला दोन्ही गावे आली. आता आत्या नाही, मथुराबाई नाहीत, इंदूचे केस पांढरे झाले आहेत. तिने त्यानंतर माझे नाव पुन्हा घेतले नाही. पण दिवसातून दोनचार वेळा मला बगळा, मुडदा किंवा त्याहून वाईट काहीतरी म्हणते, आणि तेवढ्यावर आमचे घर नीट चालते. मात्र क्वचित एखाद्या सकाळी ती माझ्यासमोर चहाचा कप ठेवून अत्यंत सभ्यपणे म्हणते, “आपल्याला आणखी काही हवे का?” त्या दिवशी मी काही एक वाद घालत नाही. मुकाट्याने उठतो आणि फडताळातला गुळाचा डबा शोधू लागतो.